पीव्हीसी रिॲक्टरचं मॉडेल पहिल्यांदाच करताय? आधी उष्णतेचा हिशोब मांडा

पावसाळा सुरू झाला, कॉलेजं उघडली की लोणेऱ्याहून, रत्नागिरीहून, चिपळूणहून एकदोन तरी मेसेज ठरलेले असतात, "दादा, प्रोजेक्टला सस्पेंशन पॉलिमरायझेशनचं मॉडेलिंग घेतलंय, कुठून सुरू करू?" आणि बहुतेकांनी तोवर सुरुवात केलेलीच असते, ती पण चुकीच्या टोकाकडून. कुठल्यातरी पेपरमधल्या पंधरावीस रिॲक्शन उतरवून घेतलेल्या असतात, प्रत्येकीचा रेट कॉन्स्टंट (रिॲक्शनच्या वेगाचा आकडा) शोधत पोरगं महिनाभर फिरत असतं आणि हातात एकही ग्राफ नसतो. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय. मी उदाहरण पीव्हीसीचं घेतलंय, कारण सस्पेंशन पद्धतीने, म्हणजे पाण्यात थेंब करून, होणारं सगळ्यात मोठं प्लास्टिक तेच, आणि आपल्या बागेतल्या पाण्याच्या पाइपापासून घराच्या पन्हाळीपर्यंत सगळीकडे तेच दिसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा रिॲक्टर आधी उष्णता बाहेर काढायचं यंत्र आहे आणि मग केमिस्ट्रीचं भांडं आहे, त्यामुळे मॉडेलची सुरुवात उष्णतेपासून करा, बाकीच्या गोष्टी एकेक करून त्यात येतात.

आत नेमकं काय चाललेलं असतं

व्हिनाइल क्लोराइड मोनोमर, म्हणजे ज्याचे रेणू साखळीसारखे जोडून पीव्हीसी हे पॉलिमर होतं तो कच्चा माल, प्लांटवर सगळे व्हीसीएम म्हणतात, साध्या हवेच्या दाबाला उणे १३ डिग्रीच्या आसपास उकळतो, म्हणजे आपल्याकडे तो गॅसच. दाबाखाली द्रव करून तो पाण्यात टाकतात आणि जोरात ढवळतात. ग्लासभर पाण्यात चमचाभर खोबरेल टाकून ढवळा, बारीक थेंब होतात, ढवळणं थांबवलं की परत वर येऊन एक होतात. इथे पण तसंच, फक्त थेंबांनी एकमेकांना चिकटू नये म्हणून पाण्यात थोडं पॉलिव्हिनाइल अल्कोहोल किंवा सेल्युलोजचा एखादा प्रकार घालतात, तो थेंबावर साय धरल्यासारखा बसतो. इनिशिएटर, म्हणजे रिॲक्शन सुरू करणारं केमिकल, थेंबाच्या आत विरघळलेला असतो. म्हणजे प्रत्येक थेंब हा स्वतःच एक छोटासा रिॲक्टर झाला, आणि सभोवतालचं पाणी त्याची उष्णता उचलून भिंतीकडे नेतं. तापमान साधारण ५० ते ७० डिग्री, ५७ डिग्रीला दाब ९ बारच्या आसपास, आणि शेवटी साधारण १०० ते १८० मायक्रॉनचे पांढरे दाणे मिळतात.

एक गोष्ट मात्र पक्की डोक्यात ठेवा, पीव्हीसी स्वतःच्या मोनोमरमध्ये विरघळत नाही. स्टायरीनचं तसं नाही, तिथे पॉलिमर मोनोमरमध्ये मस्त विरघळून जाड पाक होतो. पीव्हीसी मात्र तयार झालं की लगेच बाहेर पडतं. याचं महत्त्व चौथ्या पायरीत कळेल.

पायरी पहिली: प्रश्न एका ओळीत लिहा

"रिॲक्टरचं मॉडेल करायचंय" हा प्रश्न नाही झाला. "मे महिन्यात ही बॅच किती तासात उरकेल" हा प्रश्न आहे. "इनिशिएटर दहा टक्के वाढवला तर जॅकेटला (भिंतीभोवतीच्या गार पाण्याच्या कवचाला) झेपेल का" हा प्रश्न आहे. "कुलिंग पंप बंद पडला तर माझ्या हातात किती मिनिटं आहेत" हा तर फारच चांगला प्रश्न आहे. प्रश्न लिहिला की कुठली समीकरणं लागतील आणि कुठली खुशाल सोडून देता येतील ते आपोआप ठरतं. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, कारण आठ दिवसांनी आपण भलतीकडेच गेलेलो असतो.

मी इथे पहिला प्रश्न घेतो, मे महिन्यातली बॅच.

पायरी दुसरी: पाठकोऱ्या कागदावरचा हिशोब

कॉम्प्युटर उघडायच्या आधी हे पेनने करा. आकडे समजावण्यासाठी घेतलेत, तुमच्या रिॲक्टरचे तुम्ही घाला.

समजा १० टन व्हीसीएम, १२ टन पाणी, तापमान ५७ डिग्री आणि ८५ टक्के कन्व्हर्जनला, म्हणजे तेवढ्या मोनोमरचं पॉलिमर झालं की, बॅच थांबवायची. व्हीसीएमचं पॉलिमर होताना मोलमागे साधारण ९६ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, मोलचं वजन ६२.५ ग्रॅम, म्हणजे किलोमागे १५३६ किलोज्यूल. आता ८५०० किलो गुणिले १५३६, झाले १३ गिगाज्यूलच्या थोडे वर. ही उष्णता सहा तासात काढायची म्हटली तर सरासरी ६०० किलोवॅट. पण वेग सगळा वेळ सारखा नसतो, मध्ये फुगतो, त्या शिखराला दीडपट धरा, ९०० किलोवॅट.

आता काढणार कोण, तर जॅकेट. समजा जॅकेटचं क्षेत्रफळ ४५ चौरस मीटर आणि उष्णता वहनाचा गुणांक, ज्याला सगळे नुसतं "यू" म्हणतात, तो ५०० वॅट दर चौरस मीटर दर डिग्री. दोघांचा गुणाकार केला की एका डिग्रीच्या फरकाला २२.५ किलोवॅट. सरासरी ६०० किलोवॅट काढायला जवळपास २७ डिग्री फरक पाहिजे, म्हणजे जॅकेटचं पाणी सरासरी ३० डिग्री. शिखराला ४० डिग्री फरक पाहिजे, म्हणजे पाणी १७ डिग्री!

१७ डिग्रीचं पाणी कुलिंग टॉवर कोकणात कुठल्याच महिन्यात देणार नाही. बघा, अजून एकही रेट कॉन्स्टंट लिहिला नाही आणि अर्धी गोष्ट कळली, की या रेसिपीला एकतर चिलर पाहिजे, नाहीतर रिॲक्टरच्या डोक्यावर रिफ्लक्स कंडेन्सर (वाफ गार करून द्रव परत आत सोडणारा) पाहिजे, नाहीतर शिखर कापून वेग सपाट करायला पाहिजे. रिॲक्टर जितका मोठा तितकी अडचण वाढते, कारण माल घनात वाढतो आणि भिंत चौरसात, म्हणून मोठ्या रिॲक्टरवर कंडेन्सर दिसतातच.

पायरी तिसरी: कोकणची हवा मॉडेलमध्ये आणा

हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण पुस्तकातल्या उदाहरणात "कुलिंग वॉटर २५ डिग्री" लिहिलेलं असतं आणि पोरं तेच टाकून मोकळी होतात.

कुलिंग टॉवरचं पाणी हवेच्या वेट बल्ब तापमानाखाली (ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर दाखवतो ते) जाऊ शकत नाही, साधारण ३-४ डिग्री वरच राहतं. आता रत्नागिरीतली मे महिन्यातली दुपार घ्या, ३३ डिग्री आणि आर्द्रता ७० टक्के धरली तर वेट बल्ब २८ च्या आसपास येतो, टॉवरचं पाणी ३२. तेव्हाच घाटावर ३८ डिग्री ऊन असेल पण हवा कोरडी, २५ टक्के आर्द्रता धरली तर वेट बल्ब २३ च्या आसपास, पाणी २७. म्हणजे घाटावर माणूस उन्हाने भाजतोय पण त्याचा रिॲक्टर आपल्यापेक्षा जास्त गार राहतो! आपल्याकडे अंगावरचा घाम वाळत नाही ना, तसंच टॉवरमधलं पाणी पण वाळत नाही, कारण एकच आहे.

आता हिशोबात घाला. मे महिन्यात पाणी ३२ ने आत जातं, ३६ ने बाहेर येतं, सरासरी ३४, फरक २३ डिग्री, म्हणजे जॅकेट जास्तीत जास्त ५१७ किलोवॅट काढणार. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी झाली, पाणी २६ ने आलं, सरासरी २८, फरक २९ डिग्री, ६५० किलोवॅट. वेग एकदम सपाट ठेवता आला असं समजलं, म्हणजे सगळ्यात चांगली शक्य स्थिती, तर तीच बॅच मे महिन्यात सात तास घेणार आणि थंडीत साडेपाच तासांच्या थोडी वर. बॅचमागे जवळपास दीड तास नुसत्या दमट हवेचा. म्हणून कुलिंग वॉटरचं तापमान हा आकडा कधीच कॉन्स्टंट म्हणून टाइप करू नका, त्याचा वेगळा कॉलम ठेवा, आणि पावसाळ्यात पण तो फारसा उतरत नाही हे लक्षात असू द्या, जुलैत हवा गार वाटली तरी ओली असते.

पायरी चौथी: इनिशिएटर आणि दोन फेजचं गणित

इथे खरं केमिस्ट्री सुरू होते, पण घाबरू नका, तीन गोष्टी पुरतात.

पहिली, इनिशिएटर किती वेगाने तुटतो. कंपनीच्या डेटाशीटवर दोन तापमानं दिलेली असतात, एका तासात अर्धा संपतो ते आणि दहा तासात अर्धा संपतो ते. पीव्हीसीला नेहमी वापरतात त्या डाय-टू-एथिलहेक्सिल पेरॉक्सिडायकार्बोनेटचे हे आकडे साधारण ६४ आणि ४७ डिग्री. या दोन बिंदूंवरून अर्हेनियसची रेष (हाफ लाइफचा लॉगरिदम विरुद्ध एक भागिले तापमान) काढली की ॲक्टिव्हेशन एनर्जी मोलमागे १२१ किलोज्यूलच्या आसपास येते, आणि ५७ डिग्रीला हाफ लाइफ अडीच तास. स्वतः काढून बघा, तापमान केल्विनमध्ये घ्यायचं विसरू नका, निम्मी पोरं तिथेच अडकतात. सहा तासांनी यातला साधारण १९ टक्के उरलेला असतो. पण पॉलिमरायझेशनचा वेग इनिशिएटरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणून वेग १९ टक्क्यांवर न येता ४४ टक्क्यांवर येतो. हे वर्गमूळ कुठून आलं, तर दोन रॅडिकल, म्हणजे वाढत्या साखळ्यांची जिवंत टोकं, एकमेकांना भेटून संपतात म्हणून. रॅडिकलसाठी वेगळं समीकरण लिहू नका, जितके तयार होतात तितकेच संपतात असं धरा, नाहीतर सेकंदाच्या हजाराव्या भागातल्या घडामोडी आणि सहा तासांची बॅच एकाच गणितात येऊन सॉल्व्हर गुदमरतो.

दुसरी, दोन फेज. वर म्हटलं तसं पीव्हीसी बाहेर पडतं, पण ते सुकं नसतं, साधारण ३० टक्के मोनोमर पिऊन फुगलेलं असतं. म्हणजे थेंबात दोन घरं झाली, एक जवळपास शुद्ध मोनोमरचं आणि एक फुगलेल्या पॉलिमरचं, आणि रिॲक्शन दोन्हीकडे चालते. पॉलिमरच्या घरात साखळ्या हलायला जागा नसते, दोन टोकं एकमेकांना लवकर सापडत नाहीत, म्हणून साखळी संपणं मंदावतं आणि वेग वाढतो. टालामिनीने १९६६ मध्ये हे दोन फेजचं चित्र मांडलं, नंतर १९७२ मध्ये अब्देल-अलीम आणि हॅमिएलेक यांनी ते पुढे नेलं, आणि आजची मोठमोठी मॉडेलं पण मुळात याच पायावर उभी आहेत.

गणितात असं लिहायचं. कन्व्हर्जनला "एक्स" म्हणू. ७० भाग पॉलिमरमागे ३० भाग मोनोमर, म्हणजे प्रमाण ०.४३. पॉलिमरच्या घरातला मोनोमर झाला ०.४३ गुणिले एक्स. उरलेला, म्हणजे १ वजा एक्स वजा ०.४३ एक्स, हा मोकळा मोनोमर. मग

वेग = के × इनिशिएटरचं वर्गमूळ × [ मोकळा मोनोमर + पी × पॉलिमरमधला मोनोमर ]

इथला "के" म्हणजे एकूण वेगाचा स्थिरांक (पीव्हीसीच्या ग्रेडची, साखळीची लांबी सांगणारी जी के-व्हॅल्यू असते ती वेगळी, गल्लत करू नका) आणि "पी" म्हणजे पॉलिमरच्या घरात वेग किती पट जास्त. एवढंच. दोन अनोळखी आकडे.

तिसरी गोष्ट, मोकळा मोनोमर कधी संपतो. १ वजा १.४३ एक्स शून्य झालं की, म्हणजे एक्स ०.७० ला. पेजेचा भात शिजताना वरचं पाणी दिसत असतं तोवर टोपातली खळबळ वेगळी असते आणि पाणी भातात मुरलं की वेगळी होते, तसंच इथे होतं, मोकळा द्रव संपला की त्याचा स्वतःचा वाफेचा दाब टिकत नाही आणि रिॲक्टरचा प्रेशर गेज उतरायला लागतो. प्लांटवर याला प्रेशर ड्रॉप म्हणतात आणि जुने ऑपरेटर काका त्यावरच बॅच ओळखतात. "अरे, ड्रॉप आला काय ते बघ आधी, तुझं गणित मागाहून," असं मला एका काकांनी नाइट शिफ्टला सांगितलं होतं आणि त्यांनी सांगितलेलं ते मला आजपर्यंत उपयोगी पडतंय, कारण बाहेरून न उघडता कन्व्हर्जन सांगणारी ती सगळ्यात स्वस्त खूण आहे. ०.७० नंतरचं समीकरण वेगळं, फक्त पॉलिमरमधला मोनोमर उरतो, वेग पी गुणिले १ वजा एक्स या हिशोबाने उतरत जातो, आणि अगदी शेवटी दाणा कडक झाला की त्याहून जास्त उतरतो, ८५ ला थांबवणार असाल तर तो शेवटचा भाग पहिल्या मॉडेलमध्ये सोडून द्या.

(वरच्या मोकळ्या जागेतली वाफ आणि पाण्यात विरघळलेला थोडासा मोनोमर हे पण मोजावं लागतं, त्यामुळे खरा ड्रॉप बरोबर ७० वर येत नाही, थोडा मागेपुढे येतो. दुसऱ्या फेरीत घाला.)

पायरी पाचवी: एक्सेलमध्ये मांडा, पायथॉन नंतर

पायथॉनला माझा विरोध नाही, मी स्वतः तेच वापरतो, पण पहिलं मॉडेल एक्सेलमध्ये केलं की प्रत्येक ओळ डोळ्यांना दिसते, चूक लपत नाही. कॉलम असे, वेळ, इनिशिएटर, एक्स, वेग, निघणारी उष्णता, जॅकेट जास्तीत जास्त काढू शकेल ती उष्णता. तापमान सध्या ५७ वर पक्कं धरा. एका मिनिटाची पायरी घ्या, पुढचा एक्स म्हणजे आधीचा एक्स अधिक वेग गुणिले एक मिनिट.

खेळायच्या आधी तपासणी करा. पी ला १ करा, इनिशिएटर न संपणारा करा आणि के अशा बेताने घ्या की वेग तासाला ०.३ गुणिले १ वजा एक्स होईल. याचं उत्तर कागदावर माहीत आहे, एका तासाने एक्स ०.२५९२ यायला पाहिजे. मिनिटाच्या पायरीने ०.२५९७ येईल, सहा मिनिटांच्या पायरीने ०.२६२६. तुमचं तसं आलं तर शीट बरोबर आहे. ही तपासणी न करता पुढे गेलेला माणूस मग पंधरा दिवस केमिस्ट्रीत चूक शोधत बसतो आणि चूक असते ब्रॅकेटमध्ये.

मग पी वाढवा आणि उष्णतेचा कर्व्ह बघा, हळूहळू चढतो, ७० च्या आसपास शिखर गाठतो आणि खाली येतो. त्याच ग्राफवर जॅकेटची मे महिन्यातली रेष ओढा, ५१७ किलोवॅटची. कर्व्ह जिथे रेषेच्या वर जातो तिथे खऱ्या रिॲक्टरचं तापमान हातातून निसटणार. आता दुसरा इनिशिएटर घाला, लवकर तुटणारा, उदाहरणार्थ क्युमिल पेरॉक्सिनिओडेकॅनोएट, त्याची दहा तासांची हाफ लाइफ साधारण ३८ डिग्रीलाच आहे. तो सुरुवातीला जोर लावतो आणि लवकर संपतो, म्हणून सुरुवातीचा खड्डा भरतो, मग दुसऱ्याचं प्रमाण कमी करून शिखर खाली आणता येतं. दोघांचं प्रमाण बदलत बदलत कर्व्ह त्या रेषेखाली सपाट बसवायचा. मला या सगळ्या कामात सगळ्यात आवडतो तो हा भाग, कारण इथे पहिल्यांदा वाटतं की आपलं मॉडेल प्लांटला काहीतरी सांगू शकतं.

हे जमलं की तापमानाचं समीकरण जोडा. तयार होणारी उष्णता वजा जॅकेटने नेलेली, भागिले आतल्या मालाची उष्णता क्षमता. १२ टन पाणी गुणिले ४.१८ आणि १० टन व्हीसीएम गुणिले साधारण १.५, मिळून डिग्रीमागे ६५ मेगाज्यूल.

पायरी सहावी: खऱ्या बॅचला जुळवा

के आणि पी पेपरमधून उचलू नका, प्लांटच्या बॅच लॉगमधून काढा. दोन खुणा पुरतात, प्रेशर ड्रॉप किती वाजता आला आणि बॅच संपताना कन्व्हर्जन किती होतं. दोन खुणा, दोन अनोळखी. एका बॅचवर बसवा आणि दुसऱ्या तीन बॅचवर हात न लावता चालवून बघा, तिथे जुळलं तरच खरं.

जॅकेटच्या पाण्यावरून उष्णता मोजायची पद्धत पण चांगली आहे, पाण्याचा प्रवाह गुणिले आत-बाहेरचा फरक, त्याची बेरीज करत गेलं की कन्व्हर्जनच मिळतं. पण इथे मी नवीन असताना सपशेल तोंडावर पडलोय. एका पायलट प्लांटच्या डेटावर माझं मॉडेल सतत बारातेरा टक्के कमी दाखवायचं, मी तीन आठवडे पी फिरवत बसलो, इनिशिएटरच्या शुद्धतेवर शंका घेतली, आणि शेवटी कळलं की बाहेरच्या पाण्याचा थर्मामीटर अर्धा डिग्री जास्त दाखवत होता. आत-बाहेरचा फरकच चार डिग्रीचा, त्यात अर्धा डिग्री म्हणजे साडेबारा टक्के. त्या तीन आठवड्यांचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हा डेटा घेतल्या घेतल्या बॅच सुरू व्हायच्या आधीचा, नुसतं पाणी फिरत असतानाचा तुकडा बघा, तेव्हा आत-बाहेर सारखं दिसलं पाहिजे.

"यू" पण कायमचा नसतो. भिंतीवर पॉलिमरची खपली धरते, पाण्याच्या बाजूने क्षार धरतात, बॅचमागून बॅच तो उतरत जातो आणि रिॲक्टर साफ केला की परत वर येतो. बॅचच्या आत पण तो उतरतो, कारण स्लरी (पाणी आणि दाण्यांचं मिश्रण) घट्ट होत जाते. आणखी एक गोष्ट पुस्तकात पटकन दिसत नाही. ५७ डिग्रीला व्हीसीएमची घनता ०.८५ च्या आसपास आणि पीव्हीसीची १.४, म्हणजे आपल्या १० टनाच्या बॅचमध्ये आतला माल जवळपास ४ घनमीटर आकसतो. लेव्हल उतरते, जॅकेटचा वरचा भाग आत काहीच नसलेल्या भिंतीला गार करत बसतो. म्हणून बॅच चालू असताना रिॲक्टरच्या आत पाणी घालत राहतात. तुमच्या मॉडेलमध्ये क्षेत्रफळ कॉन्स्टंट असेल आणि प्लांट असं पाणी घालत नसेल तर शेवटच्या दोन तासात तुमचं उत्तर चुकणारच.

पायरी सातवी: वीज गेली तर

मॉडेल तयार झालं की हे एकदा चालवाच. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा कित्येक गावांत किती दिवस वीज नव्हती ते आपण पाहिलंय, तेव्हा "पॉवर फेल्युअर" हा आपल्याकडे परीक्षेपुरता प्रश्न नाही.

शीटमध्ये तिसऱ्या तासाला जॅकेटची उष्णता शून्य करा. ६०० किलोवॅट भागिले ६५ मेगाज्यूल, मिनिटाला अर्धा डिग्री. ऐकायला कमी वाटतं. पण तापमान १० डिग्री वाढलं की वेग दुपटीच्या वर जातो, तो वाढला की तापमान अजून वेगाने चढतं, आणि उरलेल्या सगळ्या मोनोमरचं तसंच पॉलिमर होत गेलं तर एकूण चढ १३० डिग्रीच्या वर जाऊ शकतो, दाब त्याच्या कितीतरी आधीच रिॲक्टरच्या मर्यादेपलीकडे गेलेला असेल. शिवाय वीज गेली की ॲजिटेटर (ढवळणारा पंखा) पण थांबतो, थेंब एकत्र यायला लागतात आणि मॉडेलमधला "यू" कागदावरच राहतो. म्हणून प्लांटवर रिॲक्शन मारणारं केमिकल, शॉर्टस्टॉप, विजेशिवाय ढकलता येईल असं तयार ठेवलेलं असतं आणि महत्त्वाच्या पंपांना वेगळी वीज असते. तुमच्या मॉडेलने सांगायचं ते इतकंच, की निर्णयाला किती मिनिटं आहेत. आणि विद्यार्थ्याच्या शीटवरून कुठल्याही प्लांटचा इंटरलॉक (धोका दिसला की आपोआप चालणारी सुरक्षा व्यवस्था) ठरवायचा नाही, ते काम अनुभवी सेफ्टीवाल्यांचं. व्हीसीएमने लिव्हरचा कॅन्सर होतो हे १९७४ मध्ये कामगारांच्या जिवावर बेतून जगाला कळलं, त्यामुळे कॉलेजच्या लॅबमध्ये "छोटासा प्रयोग करून बघू" हे तर अजिबात नाही. प्रयोग करायचाच असेल तर गाइड सोबत असताना स्टायरीन घ्या, तो साध्या दाबाला द्रव आहे, आणि तो पण फ्यूम हूडमध्येच.

राहिलेल्या दोन गोष्टी

साखळीची लांबी. पीव्हीसीत साखळी बहुतेक वेळा मोनोमरवर उडी मारून संपते आणि ती उडी तापमानावर अवलंबून असते, इनिशिएटर किती घातला त्यावर फारशी नाही. म्हणून ग्रेड तापमानाने ठरते, पाइपाला लागणारी के-६७ साधारण ५७ डिग्रीला होते, कमी के-व्हॅल्यूची पाहिजे तर तापमान वाढवायचं. मॉडेलमध्ये यासाठी एक ओळ पुरते. पण याच्यामुळेच तापमान एखाद्या डिग्रीने पण भटकून चालत नाही, आणि याच्यामुळेच मे महिन्यात "जरा गरम होऊ दे, लवकर उरकेल" हा मार्ग बंद होतो.

दाण्याचा साइज मात्र एका ओळीत येत नाही. थेंब फुटणं आणि थेंब जुळणं यांची ओढाताण असते, त्याला पॉप्युलेशन बॅलन्स (कुठल्या साइजचे किती थेंब याचा हिशोब) लागतो, त्यात ॲजिटेटरचा वेग, पृष्ठताण, पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा प्रकार सगळं येतं, आणि लहान रिॲक्टरचे आकडे मोठ्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. एम.टेक.ला किंवा पीएचडीला घ्या, मनापासून सांगतो, फार सुंदर विषय आहे. पहिल्या सेमिस्टरला घेऊ नका. तोवर लॅबमध्ये चाळणी लावून साइज मोजतात तो आकडा घ्या, प्रत्येक बॅचसमोर लिहीत चला, ॲजिटेटरचा करंट पण शेजारी लिहा. पुढे तुम्ही किंवा तुमच्यामागून येणारा कोणी पॉप्युलेशन बॅलन्सला हात घालेल तेव्हा त्याला सगळ्यात आधी लागणार ते हेच दोन कॉलम.